ही गाडी झाली की टेबल तुझं

...आणि मग एके दिवशी गाळणंसुद्धा! चहाचं गाळणं हो, साधं, बारीक जाळीचं! सकाळी डोळे चोळत ओट्यापाशी गेले, चहा ओतला, तर पावडरीसकट सगळा कपात. गाळणं उजेडात धरून बघते तर जाळीच्या मधोमध चौकोनी खिडकी! अगदी मापात, कोपरे काटकोनात कापलेले! नवऱ्याला विचारलं, तर मान वर न करता म्हणतो, "गाडीच्या पुढच्या ग्रिलला अगदी तीच जाळी हवी होती गं. बाजारात मिळतच नाही." अहो, बाजारात गाळणी मिळतात ना? एक आणायचं, काय हवं ते कापायचं... पण नाही. वर माझी समजूत घालतो, "थोडे दिवस. ही गाडी झाली ना, की टेबल तुझं."

मी गाळण्याचं बोलतेय, हा टेबलाचं बोलतोय! पण त्याचंही बरोबरच आहे, कारण आमच्या घरात कुठलंही बोलणं शेवटी टेबलापाशीच येतं.

तुम्हाला सांगते, मी तशी कमी बोलणारी. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "तुमची शांत, आमचा शांत, छान जमेल." जमलंय की! तो शांतपणे चिमट्यात प्लास्टिकचा कण धरून बसतो, मी शांतपणे जिभेवरची चहापावडर काढत बसते. घर दोन खोल्यांचं, टेबल एक. भक्कम, चार खुर्च्यांचं, सासूबाईंनी स्वतःच्या घरातून काढून दिलेलं. मला तेव्हा केवढं भरून आलं! म्हटलं, "अहो आई, तुम्हाला लागेल ना." तर म्हणाल्या, "नको गं बाई, घेऊन जा दोघांना." दोघांना म्हणजे मला आणि त्याला, असं मी समजले. सामान लावल्यावर कळलं, त्यांना टेबल आणि तो म्हणायचं होतं!

कारण टेबलावर गाडी होती. वीतभर लांबीची, लाल, स्पोर्ट्‌स कार. खऱ्या गाडीच्या बरोबर चोविसावा हिस्सा. आता तुम्ही म्हणाल, वीतभर गाडीला कितीशी जागा लागणार? अहो, गाडीला वीतच लागते! पण तिच्याभोवती सुऱ्या, पाती, भिंग, दिवा, रंगाच्या बाटल्या, पॉलिश पेपर, आणि "हात लावू नकोस, वाळतंय" असं ज्याला म्हणतात ते सगळं... त्याला चार खुर्च्यांचं टेबल लागतं. आणि आम्ही जेवतो इस्त्रीच्या टेबलावर. ते एका बाजूला निमुळतं. निमुळती बाजू तेव्हा माझी. तो कोपर टेकवतो, टेबल डुलतं, म्हणून पातळ काही करायचंच नाही, हे मी लग्नानंतर लगेच शिकले. आई फोनवर विचारते, "टेबलावर जेवता ना गं, नीट बसून?" मी म्हणते, "टेबलावरच." खोटं कुठे बोलले? बसून नाही, एवढंच.

बरं, गाडीचं खोकं मिळतं, त्यात सगळे भाग तयार असतात, चिकटवायचे की झालं! मीही असंच समजत होते. पण नाही, आमच्याकडे खोक्यातला भाग हातात घ्यायचा, भिंगाखाली धरायचा, "शी!" म्हणायचं आणि बाजूला टाकायचा. "ही सीट बघ, सोफा वाटतो. हा गिअर बघ, लाटणं वाटतं!" मग सगळं स्वतः, शून्यापासून करायचं. कशातून? तर घरातून! माझ्या काळ्या टाचणीचं डोकं, ते गिअरच्या दांड्याची मूठ झालं. औषधाच्या पाकिटाचा चंदेरी कागद, त्याची सीटबेल्टची बक्कल झाली. माझ्या पर्सचं आतलं अस्तर सीटवर चढलं, आता मी पर्समध्ये हात घातला की पलीकडच्या कप्प्यातून बाहेर येतो. आणि इअरफोन! त्याच्यातल्या तारा इंजिनात गेल्या. एवढं करून त्या इंजिनावर बॉनेट बसवलं, आणि बॉनेट उघडत नाही!

एकदा मी विचारलं होतं, अगदी हळू आवाजात, "बॉनेट लावल्यावर हे दिसणार आहे का?"

त्याने असं बघितलं माझ्याकडे, जणू मी विचारलं, हृदय दिसतं का म्हणून.

"दिसणार नाही," म्हणाला. "पण मला माहीत असणार ना!"

 मी गेले, इस्त्रीचं टेबल उघडलं.

आणि त्याचंही अगदीच चुकतं असं नाही हो. दरवर्षी या हौशी लोकांचं प्रदर्शन भरतं, तिथे एक टॉर्चकाका येतात. खरं नाव कुणी घेत नाही. खिशात पेनाएवढी टॉर्च, वाकायचं, एक डोळा मिटायचा आणि गाडीत आत बघत राहायचं. काही बोलत नाहीत. आवडलं की "हं." आणि नाही आवडलं की मोठ्याने एकच प्रश्न. गेल्या वर्षी त्यांनी ह्याच्या गाडीखाली टॉर्च मारली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "ब्रेकची नळी चाकापर्यंत जातच नाही. मग ही थांबते कशी हो? देवाचं नाव घेऊन?" सगळे हसले. लग्नाआधीची गोष्ट, पण सासूबाई सांगतात, घरी आल्यावर तो जेवलाच नाही. टेबलावर जागा होती तरी.

म्हणून यंदा काही चुकता कामा नये! त्यात ह्याने आणखी एक काढलं. खोक्यातल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, ह्याला पाहिजे उजवीकडे. का? तर "मी बसलो तर उजवीकडेच बसेन ना." बसणार कुठे, वीतभर गाडीत? आणि मुख्य म्हणजे ह्याला गाडी चालवताच येत नाही! खरंच! लायसन्स नाही, शिकलाच नाही, बसने जातो. तर ह्याने डॅशबोर्ड मधोमध कापला आणि आरशात दिसावं तसं सगळं डावीकडचं उजवीकडे केलं. पंधरवडाभर मी घरात चवड्यांवर चालत होते, कारण पाऊल वाजलं की काटे हलतात म्हणे. घड्याळाचे नव्हे, गाडीतल्या वेगाच्या मीटरचे!

त्याच दिवसांत मी मात्र गाडी शिकायला जात होते. खरी. रोज सकाळी ते ड्रायव्हिंगचे मास्तर शेजारी बसून ओरडायचे, "मॅडम, क्लच! अहो, तो ब्रेक! क्लच डावीकडे मॅडम, कालही डावीकडे होता, आयुष्यभर डावीकडेच राहणार आहे!" घरी येऊन भाजी चिरतानासुद्धा माझा डावा पाय खाली दाबला जायचा.

आणि शेवटी तो दिवस उजाडला! गाडी झाली. फक्त छत चिकटवायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन, आणि त्या संध्याकाळी माझे आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार. नवऱ्याने स्वतः, मी न सांगता, टेबल आवरलं! पुसलं! चार खुर्च्या लावल्या! गाडी एका कोपऱ्यात, बाकी सगळं लाकूड मोकळं... मी नुसता हात फिरवला त्याच्यावरून. तो गुणगुणत होता. लग्नात नव्हता एवढा खूश होता हो! म्हणाला, "छत लावायच्या आधी तू एकदा बघ ना. टॉर्च घे."

घेतली. वाकले, एक डोळा मिटला. टाचणीची मूठ दिसली, माझं अस्तर दिसलं, बक्कल दिसली... आणि खाली तीन पेडलं. तांदळाच्या कणीएवढी. आणि माझा डावा पाय आपोआप दाबला गेला, आणि कानात मास्तर ओरडले.

क्लच उजवीकडे होता! स्टिअरिंग कुठेही असो, पेडलं जागा बदलत नाहीत. ह्याने तीही आरशासारखी उलटी केली होती.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं मी? बोलले नाही तर टेबल माझं, आत्ता, या क्षणाला, आईच्या देखत. आणि बोलले तर तो सगळं उचकटणार, सुऱ्या परत, बाटल्या परत... मी टॉर्च बंद केली. "छान झालीय," म्हणाले. तो गोंदाचं टोपण उघडायला लागला. आणि मला टॉर्चकाकांचा आवाज ऐकू यायला लागला. मी त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं, तरी स्पष्ट ऐकू आला. "ही चालवतं कोण हो? उलट्या पायांचा माणूस?"

"थांब," म्हटलं. "खुर्चीत बस. पाय पुढे. आता क्लच दाब."

त्याने उजवा पाय दाबला.

 तो आपल्या पायाकडे बघत राहिला, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. चेहरा असा उतरला की मलाच वाटलं, कशाला बोलले! आणि मग हा काय म्हणाला माहीत आहे? हा! "छत लावल्यावर... दिसणार आहे का गं?"

"दिसणार नाही," मी म्हटलं. "पण मला माहीत असणार ना."

झालं. आईबाबा आले तेव्हा टेबलावर सगळं परत पसरलेलं. त्याच्या चिमट्यातून एक पेडल उडून कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही, म्हणून शेवटी चिमटा मी घेतला. तीनही पेडलं नवीन केली मी, माझा हात हलत नाही म्हणे. बाबा टॉर्च धरून उभे. आई दारात. "अगं, जेवायचं कुठे?" मी मान वर न करता म्हटलं, "आई, इस्त्रीचं टेबल उघड. कोपर टेकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी टॉर्चकाका आले, वाकले, डोळा मिटला, खिडकीतून थेट पेडलांवर टॉर्च मारली.  मग "हं." आणि मग, हे आजवर कधी झालं नव्हतं म्हणतात, 'हं' नंतर प्रश्नही. "ही पेडलं कुणी केली?"

नवऱ्याने छाती काढून माझ्याकडे बोट दाखवलं! टॉर्चकाका म्हणाले, "माझ्या गाडीची करून द्याल? माझे हात आता चालत नाहीत हो." आता तुम्हीच सांगा, नाही कसं म्हणायचं?

तर सध्या टेबल माझं आहे. खरंच, सगळं माझं! माझा चिमटा, माझं भिंग, माझं वाळतंय. आणि तो इस्त्रीच्या टेबलाच्या निमुळत्या बाजूला, ताट सांभाळत उभा असतो, मधूनच विचारतो, "अगं, टेबल कधी मोकळं होणार?"

मी मान वर करत नाही. म्हणते, "थोडे दिवस. ही गाडी झाली ना, की टेबल तुझं."