ओठांवरची रेघ

(स्टुडिओतली मेकअपची खोली. आरशासमोरच्या खुर्चीत मॉडेल बसली आहे. चेहऱ्यावरचा रंग ओला असल्यामुळे तिला बोलायला मनाई आहे.)

स्टायलिस्ट : म्हणजे तुम्ही फोटोत असाल, पण धूसर असाल.

आत्या : धूसर म्हणजे?

स्टायलिस्ट : म्हणजे मागे कुणीतरी आहे एवढं कळेल, कोण आहे ते कळणार नाही.

आत्या : ते मला घरबसल्या जमत होतं की. त्यासाठी दोन बस बदलायला कशाला लावल्यात?

स्टायलिस्ट : खरेपणासाठी, मावशी! आमच्या मासिकाच्या या अंकाचं नावच 'आदिम' आहे. पुढे मॉडेल, मागे तुम्ही. कपडे आमचे, एनर्जी तुमची.

आत्या : मी हिची आत्या. तुमची मावशी कधी झाले ते मला कुणी कळवलं नाही. कुठे आहे आमची भाची?

भाची : आले, आले! आत्या, चहा घेतलास का? सर, तिला अजून काही दाखवलं नाहीत ना? मला दाखवायचंय. हां, आता खुर्ची फिरवते. बघ!

आत्या : हे काय काढलंयस?

भाची : अगं, ओळखलं नाहीस? तुझाच चेहरा आहे! कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत पांढरा पट्टा, गालांवर राख, ओठांवर आडवी रेघ. केसाएवढाही फरक नाही.

आत्या : कुठून उचललास?

भाची : पुस्तकातून. मेकअप शिकत होते ना, तेव्हा मॅडमनी ते जाडजूड पुस्तक उघडलं आणि एका अख्ख्या पानावर तू! नाव नव्हतं. खाली नुसतं 'रानातली स्त्री, सणाच्या शृंगारात'. मी भर वर्गात ओरडले, ही माझी आत्या आहे!

आत्या : सणाच्या.

स्टायलिस्ट : काय फोटो आहे तो! आणि तुमची ती नजर! मी टीमला सांगूनच टाकलं, मला हा माज हवाय.

आत्या : पूस.

भाची : काय?

आत्या : पूस म्हटलं ते.

स्टायलिस्ट : एक मिनिट, एक मिनिट. अडीच तास लागलेत त्याला. दहा मिनिटांत कॅमेरा सुरू होतोय. हे कव्हर आहे, मावशी. तुमच्या भाचीचं पहिलं कव्हर. आत हिचं नाव छापून येणार आहे.

आत्या : हिचं येणार. पुस्तकात माझं आलं नव्हतं, आज मी धूसर. आमच्यातल्या एका वेळी एकीलाच नाव द्यायचं, असा काही नियम आहे का तुमच्याकडे?

भाची : आत्या, हळू बोल ना. बाहेर सगळे ऐकतायत.

आत्या : ऐकू देत. कान आहेत त्यांना.

भाची : तुला कळतंय का मी इथे कशी पोचले ते? सहा वर्षं दुसऱ्यांच्या पुटकुळ्या झाकल्या. नवऱ्यामुलांच्या काकवांच्या भुवया कोरल्या. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तुमच्याकडचं काय आहे? मी हे काढून दाखवलं. आणि तू म्हणतेस, पूस!

आत्या : ही रेघ कशाची, ते माहीत होतं तुला दाखवताना?

भाची : शृंगाराची. लिहिलं होतं ना तसं.

आत्या : लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?

भाची : तूच सांगितलं असशील.

आत्या : मी? अगं, ही रेघ ओढली की बाई नऊ दिवस बोलत नाही. रेघ मोडता कामा नये. तो फोटोवाला कॅमेरा घेऊन थेट अंगणात आला. काढू का म्हणाला. मला नको म्हणायचं होतं, आणि तोंड उघडता येईना. हात वर करून जा म्हटलं, तर म्हणतो, वा, हात असाच राहू द्या.

स्टायलिस्ट : तो हात! तीच पोज मॉडेलकडून करून घेतोय आपण.

आत्या : घ्या. तिचंही तोंड बंदच करून ठेवलंय तुम्ही.

भाची : नऊ दिवस कुणासाठी, आत्या?

आत्या : पुस्तकात साल दिलं असेल.

भाची : दिलंय. मी सहावीत होते तेव्हा.

आत्या : वसतिगृहात होतीस.

भाची : बाबा गेले तेव्हा.

आत्या : हं.

स्टायलिस्ट : अरेरे. मनापासून वाईट वाटलं. पण बघा ना, दुःख हीसुद्धा केवढी मोठी एनर्जी असते. आपण आत एक ओळ टाकू. बारीक अक्षरात.

आत्या : तुमचे वडील आहेत?

स्टायलिस्ट : नाहीत. तीन वर्षं झाली.

आत्या : त्या दिवशी तुमची आई कशी दिसत होती?

स्टायलिस्ट : त्याचा इथे काय संबंध?

आत्या : फोटो असला तर द्या. आमच्या पोरी नाचायला जाताना नेहमी कुरकुरतात, काही नवीन लूक नाही म्हणून.

स्टायलिस्ट : हे फार होतंय हं. तूच समजाव यांना. आणि एक लक्षात ठेव, तो रंग पुसलास तर कव्हर गेलं, आणि या मासिकाचं दारही बंद. बाहेर दुसरी मेकअपवाली बसलीये. फोटो बघून तीही काढेल.

भाची : काढेल ना. मीही फोटो बघूनच काढलं. तिला मी बाहेर जाऊन सांगते हा कुणाचा चेहरा आहे. मग ब्रश धरून दाखवू दे.

स्टायलिस्ट : आणि मॉडेलचं काय? तिचा वेळ, तिचा करार? तिला कुणी विचारलंय?

भाची : सर, ती मघापासून मान हलवतेय. पूस म्हणतेय.

आत्या : तुम्हाला तीही पोज वाटली असेल.

स्टायलिस्ट : ठीक आहे. माझ्यासमोर नको. दहा मिनिटांनी मी दुसरीला घेऊन येतोय.

भाची : आणा. दार लावून जा.

आत्या : गेला?

भाची : गेला. आत्या, तेव्हा तुझी रेघ कुणी पुसली?

आत्या : गेलेल्याच्या थोरल्या लेकरानं पुसायची असते.

भाची : थोरली मीच. धाकटीही मीच.

आत्या : तुझी परीक्षा होती. मीच सगळ्यांना सांगितलं, पोरीला आता कळवायचं नाही. दहाव्या दिवशी सकाळपासून उंबऱ्यात बसून राहिले. संध्याकाळपर्यंत घामानंच गेली ती.

भाची : इतकी वर्षं बोलली नाहीस.

आत्या : बोलणार काय? चूक माझीच होती.

भाची : थांब, कापूस घेते.

आत्या : कापूस नको. तळवा ओला कर. हं. आधी तिचं कपाळ, ओठ शेवटी.

भाची : हात थरथरतोय, आत्या.

आत्या : थरथरू दे. तेव्हाही थरथरलाच असता.