थर्मासच्या झाकणाचा वास

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षबागवाल्यांची मुलगी. आमच्याकडे फवारणीचा वास भाकरीच्या वासासारखा घरचाच, म्हणजे आधी तो वास दारात यायचा आणि मागून वडील. तोंडाला रुमाल बांधायचे, तो घामाने ओला झाला की सोडून खांद्यावर टाकायचे. पन्नाशीत छातीत कळ आली आणि बागेतच गेले. फवारणीमुळे गेले का, ते कुणी तपासलं नाही, आणि जे तपासलं नाही ते मी सांगणार नाही, मी पगारपत्रकं करणारी बाई आहे, आकडा जुळल्याशिवाय पुढे जात नाही. पण भीती, काय सांगू ताई तुम्हाला, ती काही जुळायची वाट बघत नाही.

लग्न होऊन इथे न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आले. आमचे हे, प्रशांत, इथे शेतीचं शिकायला आले होते, मग एका किवीफ्रूटच्या बागेत लागले आणि तिथली फवारणी त्यांच्याकडेच आली. मी म्हटलं, एवढा समुद्र ओलांडला तो परत फवारणीवाल्याच्याच घरात यायला. ते हसायचे, अगं इथे मास्क असतो, ग्लोव्ज असतात, अंगभर सूट असतो, तुझ्या बाबांसारखं नाही. आणि खरंच असतं सगळं, मी जाऊन बघून आले.

मागच्या हिवाळ्यात त्यांची छाती धडधडायला लागली. जिना चढताना नाही हं, नुसतं बसल्या बसल्या, चहा पिता पिता हात छातीवर. डॉक्टरांनी ईसीजी काढला, ठोके अधूनमधून चुकतात म्हणाले, बागेत काय काय मारता ते विचारलं, रक्त तपासलं, स्पेशालिस्टकडे पाठवतो, वाट बघा. फवारणीनेच झालं का? तसं सांगता येत नाही म्हणाले. आता वाट बघायची म्हणजे बाईने घरात करायचं काय?

आमची लेक तन्वी इथेच पामर्स्टन नॉर्थला लॅबमध्ये आहे. तिचं काम नेमकं हेच, कीटकनाशकांनी हृदयाला होणारी इजा झाडांमधल्या द्रव्यांनी कमी होते का ते बघायचं, कांद्याच्या सालीतलं, द्राक्षाच्या सालीतलं, हळदीतलं. फोनवर मी एवढंच ऐकलं. ती पुढे म्हणत होती, आई, दॅट्स इन रॅट्स, बाबा इज नॉट अ रॅट, पण माझं लक्ष सगळं सालींवर.

सासूबाई म्हणाल्या अर्जुनाची साल पाठवते, मी नको म्हटलं, इथे एअरपोर्टवर सालपाला सोडत नाहीत आणि खोटं डिक्लेअर मी करणार नाही. म्हणून घरात होतं त्याचाच काढा, कांद्याची टरफलं, हळद, काळी द्राक्षं, वाटीने मोजून उकळायचं, गाळायचं, थर्मासमध्ये भरायचं. हे तोंड वाकडं करायचे, अगं ओल्या गोणपाटासारखा लागतो. मी म्हणायची, प्या मुकाट्याने, कामाच्या आधी आणि मधे, गरम गरम. तन्वी फोनवर विचारायची, बाबा, हाऊज द सूप? हे म्हणायचे, हीप्स लेफ्ट, ढीगभर उरलंय, तुला पाठवू का?

फवारणीचा हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी थर्मास धुवायला घेतला आणि झाकण नाकाशी गेलं. कांदा नाही, हळद नाही. माझ्या वडिलांच्या रुमालाचा वास. झाकण पुन्हा हुंगलं, तोच. हे दारात बूट काढत होते. अहो, काढा कुठे पिता तुम्ही? म्हणाले, फवारणीची टाकी भरताना, तूच सांगितलंस ना मधे प्यायचा. आणि मास्क? खाली ओढतो, मास्क लावून कसं पिणार गं? आणि ग्लोव्ज? बूट बाजूला ठेवत म्हणाले, दोन घोटांसाठी ग्लोव्ज कोण काढतंय.

म्हणजे बघा, ज्याने छाती सांभाळायची त्याच काढ्याबरोबर फवारणीचं विष मी त्यांच्या तोंडापर्यंत नेत होते.

तन्वीला फोन लावला. ही मुलगी इथेच जन्मली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. त्या दिवशी मराठीत बोलली. आई, ते बंद कर. आत्ताच्या आत्ता. उंदराला विष मोजून देतात आणि ते झाडाचं पण मोजून देतात, बाबांचं कुणी काहीच मोजलेलं नाही. आणि मग रडायला लागली. आकडा जुळल्याशिवाय पुढे न जाणारी मी, नुसत्या वाट्या मोजत बसले होते.

डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं, त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. बागेचा मालक भला माणूस, स्वीट अ‍ॅज म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही, हार्ट फर्स्ट, आणि ह्यांना फवारणीवरून काढून छाटणीवर टाकलं. स्पेशालिस्टची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. ते काय सांगतील ठाऊक नाही.

आता हे घरी आले की दारातूनच हात पुढे करतात, घे वास, म्हणतात, चेष्टेत. मी खरंच घेते. साबणाचा येतो. मग जेवायला बसतो. कांदा असतो, हळद असते, भाजीला लागते तेवढीच. जेवताना त्यांचा हात छातीकडे गेला की माझा घास तोंडातच राहतो, हात खाली आला की गिळते. इथल्या काय, निफाडच्या काय, टाकी घेऊन बागेत फिरणाऱ्या सगळ्यांची छाती शांत राहो, ताई. आणि त्यात आमचे हेही असू देत.