आत्याची प्रार्थना

गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारी एक आत्या आणि तिचा भाचा बसले होते.

“आत्या, देव मी मानत नाही आणि गुडघे तू झिजवतेस! माझ्यासाठी प्रार्थना करायला दर आठवड्याला तीन जिने कशाला चढतेस?”

“मी एकटी नाही रे, पाचजणी जमतो. तुला सुबुद्धी व्हावी म्हणून सगळ्या तळमळतात.”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं. मग चहा.”

“आणि चहा किती वेळ?”

“दिवेलागणीपर्यंत. तुझे आतोबा गेल्यापासून मी तेवढीच घराबाहेर पडते, बाबा. परवा तर हसता हसता माझी कवळी बाहेर आली!”

“बरं, आजपासून मी देव मानतो. आता तरी जिने बंद?”

“खबरदार! मग आम्ही जमायचं कशासाठी?”

“दुसरा नास्तिक शोधा.”

“शोधला होता. शिंपीणबाईंचा जावई. मेल्याने दोन आठवड्यांत देव मानायला सुरुवात केली! तू होतास म्हणून आमचं मंडळ मोडता मोडता वाचलं.”

“मग मी काय करू?”

“आहेस तस्सा राहा.”

“राहतो. झालं समाधान?”

“गुणाचं गं माझं पोर! देव तुला कायम अशीच बुद्धी देवो.”