इल्काच्या टोप्यांचं दुकान

—थोर होताच गं ओदोन, मी कुठं नाही म्हणतेय, नाझींच्या छळछावणीतून जिवंत सुटला आणि एवढी पुस्तकं लिहिली — पण शुद्धलेखन? माती. चाळीस वर्षं त्याचं सगळं टाइप मी केलंय, मला विचार. इथं हायफात, याच टेबलावर, नुसत्या बनियनवर बसून लिहायचा, आणि बक्षीस घ्यायला गेला तो माझ्या भावाचा कोट घालून. मला लग्नाचं विचारलं त्यानं, तीनदा. मी म्हटलं, तुझं अक्षर वाचते तेवढं पुरे. खा ना, खसखशीची गोड गुंडाळी घरची आहे — बरं, दुकानातली आहे.

काय म्हणतेस? खोक्यातल्या, त्याच्या हातानं लिहिलेल्या पानावर इल्का छावणीत मरते, छापील पुस्तकात मात्र हायफाला येऊन टोप्या शिवते? मग बरंच आहे की. तुम्हा विद्यापीठवाल्यांना ती मेलेलीच हवी का? लेखक मन बदलतात — नाही, तो नाही बदलायचा, एका शब्दावर आठवडा घालवणारा माणूस. मीच बदललं. इल्का म्हणजे माझी धाकटी बहीण, छावणीत दोघी एका फळीवर झोपायचो. ते चोरलेल्या बटाट्याचं पान आहे ना, लोक रडतात ते वाचून — आम्ही हसत होतो गं, तोंडात बोळा कोंबून. ओदोनला ते मीच सांगितलं. पुढचंही मीच सांगितलं, त्यानं लिहिलंही जसंच्या तसं. पण टाइप करायला बसले आणि बोटं चालेनात. दोनदा कागद बदलला. तिसऱ्यांदा बोटांनीच तिला बोटीत बसवलं, इथं आणलं, दुकान काढून दिलं, नवराही बघितला — टकला, पण कमावता.

ओदोननं वाचलं. मी म्हटलं, आता ओरडणार हा. तर विचारतो, "गिझी, दुकान कुठंय तिचं?" म्हटलं, उतारावर. त्यानं पेन उचललं, दुकानाशेजारी एक बेकरी लिहिली आणि म्हणाला, "एकटी नको पडायला."

आता तू कशाला डोळे पुसतेस? मला रडणारे पाहुणे आवडत नाहीत. बाकीची खोकी घेऊन जा, तेवढं इल्काचं एक पान इकडं दे. दे म्हणते ना. फाडत नाही, ठेवते. जा, तुझी बस चुकेल.