शनिवारचं पाणी

(नाशिकच्या सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. मालनबाई बाकावर बसलेल्या, मुलगा योगेश समोर उभा.)

मालनबाई : नाय, मी असं सांगणार नाय.

योगेश : आई, एवढंच म्हण की तुला हल्ली ऐकू कमी येतं. तुझ्या वयाला कोण काय बोलणार?

मालनबाई : झुंबरच्या पोरीचा, तेजलचा पाय दोन जागी मोडलाय. मी तिला म्हटलं, धबधबा गप हाय, निवांत धुणं धू. माझ्या भरवशावर उतरली ती पाण्यात.

योगेश : चुकून झालं गं.

मालनबाई : वरच्या बंधाऱ्याचं गेट तू चुकून उघडलंस?

योगेश : शनिवार होता. आमच्या रिसॉर्टचे पाहुणे समोरच्या टेकाडावर कॅमेरे लावून बसलेले. आठवडाभर पाऊस नाही, नुसती ठिबकत होती धार. काय दाखवणार त्यांना?

मालनबाई : मागं एकदा तू पाहुण्यांना सांगत होतास ते मी ऐकलं. वरचा कातळ कठीण, खालचा ठिसूळ. पाणी खालचा खात गेलं, वरचा राहिला, म्हणून धबधबा झाला. लाखो वर्षं लागली म्हणे.

योगेश : खरंच आहे ते.

मालनबाई : असंल. पण तुझ्या पाहुण्यांना हे का नाय सांगितलं, की आमचं गाव त्याच्या आवाजावर चालतं? डोंगरात पाऊस झाला की आवाज आधी जड व्हायचा. मग आम्ही गुरं काढायचो, पोरांना हाका मारायचो, आन् मग पाणी यायचं. त्यानं कधी फसवलं नाय. परवा आवाज नि लोंढा एकदमच आला.

योगेश : मला कुठं माहीत खाली कोण आहे?

मालनबाई : बंधाऱ्यासाठी घरोघर मी फिरले. माझा योगेश म्हणतो, उन्हाळ्यात गुरांना पाणी राहील. बायांनी डोक्यावर दगड वाहिले, तेजलनं पण. रिसॉर्टवाले त्याला गेट बसवणार, हे तुला तवाच माहीत होतं ना?

योगेश : ...होतं.

मालनबाई : माझ्या तोंडून गाव फसवलंस. परक्यानं केलं असतं, तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

योगेश : नोकरी जाईल माझी. केस पण होईल.

मालनबाई : आन् आता माझे कान पण पाहिजेत तुला.

योगेश : हळू बोल. तेजलचे वडील येतायत, चहा घेऊन. झुंबरकाका विचारतील. काय सांगशील?

मालनबाई : ये, बस माझ्याजवळ. माझे कान चांगले हायेत, एवढं मी सांगते. पुढचं तू सांग.