छाईबाईंची करंगळी

नाही गं पोरी, तो आकडा ठाऊक असता तर तुझ्या दुकानात कशाला आले असते? फोन माझा, खातं माझ्या नावाचं, दिवसभर कालवं फोडते मी – आणि पैसे द्यायचा आकडा आमच्या ह्यांच्या डोक्यात! आल्याचा तुकडा घ्यायचा तरी समोरच्या चहावाल्याकडे जाऊन ह्यांच्यापुढे फोन धरायचा, आणि हे सोंगट्या लावत सगळ्यांदेखत विचारणार – 'परत आलं? खातेस की पुरतेस?'

ओळखपत्र? हे घे. चेहरा दाखवू? पापण्या हलवू? हलवल्या. – बदलला आकडा? एवढंच होतं? एवढ्यासाठी मी इतकी वर्षं – जाऊ दे. आता ते बोट टेकवून पैसे द्यायचं कर. आकडा काय, गोड बोलून कुणीही काढून घेतं. बोट कसं काढून घेणार?

अंगठा घेत नाही? कसा घेईल, कवचांनी पार सोलून निघालाय. दुसरा बघ. तोही नाही? मग करंगळी घे – हसतेस काय, करंगळी माझीच आहे ना? घेतली? बघू, बघू!

आता आगगाडीचं तिकीट काढ. लान्चोचं. तिथे कोण? कुणी नाही. म्हणजे – लेक आहे, रुईशुए. नूडल्सवाल्याशी लग्न केलं म्हणून ह्यांनी तिचं नाव टाकलं. बाळंत झालीय, ताप उतरत नाही, बाळाला पाजवत नाही तिला. काल ह्यांना म्हटलं, तिकिटापुरता आकडा टाका. मासा चावत म्हणाले, 'कुणाकडे जायचंय? आपल्याला मुलगी नाही.' आणि मी काय केलं? सकाळी ह्यांची पेज शिजवूनच निघाले. हात आपोआप चालतात गं.

परतीचं? परतीचं नको. – अशी बघू नकोस. नको म्हटलं ना.

वाजतोय? ह्यांचाच असणार, आकडा बदलल्याचा निरोप ह्यांच्या फोनवर गेला वाटतं. उचलू नकोस! आधी पैसे जाऊ दे. करंगळी इथे टेकवू? – गेले? मिळालं तिकीट? आण तो फोन इकडे.

आलात, चहा टाकून? अहो, आवाज चढवू नका, पोरगी घाबरतेय. तिला काय विचारताय, मला विचारा. हो, लान्चोला. नातीला मांडीवर घ्यायला. – नाही, फोन नाही मिळायचा. हात खाली घ्या. आणि दारातून बाजूला व्हा, मला गाडी गाठायचीय.