भर खाडीत बारा पॉइंट चार

मशीन खोटं बोलत नाही म्हणता? मग माझ्या मीटरचं ऐका.

कोपरीत माझं बॅटरीचं दुकान आहे. आमचे हिरामण काका खाडीत छोटी होडी चालवतात, बॅटरीवरच्या मोटरची. महिन्यात तीनदा तीच बॅटरी घेऊन आले. "अर्ध्या खाडीत मरते रे ही."

मी दरवेळी ती दिवसभर चार्जिंगला लावायचो आणि चार्जर काढला की लगेच मीटर. बारा पॉइंट सात व्होल्ट. "काका, बॅटरी एकदम ओके. तुमच्या मोटरचाच लोचा असणार." खरं तर लोड टाकून, म्हणजे बॅटरीला जोर लावायला लावून आकडा किती पडतो ते बघायला हवं होतं, पण मला कंटाळा. लोड टेस्टर काउंटरखाली धूळ खात पडलेला.

तिसऱ्यांदा काका म्हणाले, "चल, आता होडीत बसून सांग."

गेलो. वीस मिनिटं मस्त चाललो, मग मोटर रडायला लागली आणि भर खाडीत बंद. वर ओहोटी लागलेली, होडी उलटीच वाहायला लागली. मी घाईघाईने मीटर लावला. पण मोटर बंद पडल्यावर तेवढ्यात बॅटरीनेही दम खाऊन आकडा परत वर चढवलेला.

"किती?" काकांनी विचारलं.

मी हळूच म्हणालो, "बारा पॉइंट चार."

"म्हणजे ओके ना?"

काकांनी वल्हं माझ्या हातात दिलं.

"बॅटरी ओके. आता तुझ्यावर लोड टाकून बघू."